हिमोग्लोबिन कमी आहे? आधी 'का' ते विचारा!

तीन किलोच्या तान्ह्या बाळाच्या अंगात रक्त असतं तरी किती? किलोमागे साधारण ८० मिलिलिटर. म्हणजे सगळं मिळून जेमतेम पाव लिटर, एक मोठं फुलपात्रभर! आणि तेवढ्याशा रक्तात लाल पेशी मात्र एक लाख कोटींच्या वर.

या पेशींचं आयुष्यही अजब. अस्थिमज्जेत घडत असताना पेशीला केंद्रक असतं, पण रक्तात उतरण्याआधी ती ते बाहेर टाकून देते आणि मोकळी झालेली जागा हिमोग्लोबिनला मिळते. एकेका पेशीत हिमोग्लोबिनचे २५ कोटींहून जास्त रेणू असतात. पेशीचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर, तरी प्लीहेतल्या, म्हणजे आपल्या पाणथरीतल्या, कितीतरी अरुंद फटींतून ती अंग चोरून निघते. मोठ्या माणसात तिचं आयुष्य १२० दिवसांचं, नवजात बाळात ६० ते ९० दिवसांचं. ती मोडीत निघाली की तिच्यातलं लोह शरीर जपून ठेवतं आणि नव्या पेशीसाठी वापरतं.

आता घरोघरचं चित्र पाहा. पोर पांढुरकं दिसतंय, खेळता खेळता दमतंय, म्हणून रक्त तपासलं आणि हिमोग्लोबिन आलं ८. पुढचं ठरलेलं: बीट, डाळिंब, खजूर आणि लोहाच्या टॉनिकची बाटली. पण हिमोग्लोबिन कमी असणं हे लक्षण झालं, आजाराचं नाव नव्हे. पेशी कमी बनत असतील, बनून लवकर फुटत असतील किंवा रक्त कुठून तरी झिरपत असेल. तिन्हींचे इलाज निरनिराळे. मूल कितव्या महिन्यात फिकं पडलं, एवढ्यावरूनही डॉक्टरांना बराच सुगावा लागतो. म्हणून बाळाच्या वयाचं बोट धरूनच पुढे जाऊ.

नाळ कापायची घाई नको

बाळ जन्मलं की लगेच नाळ चिमटून कापायची, ही पद्धत आता मागे पडते आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, बाळ ठीक असेल तर किमान एक मिनिट थांबा. त्या एक ते तीन मिनिटांत वारेतलं रक्त बाळाकडे जात राहतं. दिवस भरलेल्या बाळाला असं ८० ते १०० मिलिलिटर रक्त जास्तीचं मिळू शकतं. त्यातलं लोह पुढे कित्येक महिने पुरतं. अवघ्या दोन-तीन मिनिटांत, एक पैसाही खर्च न करता बाळाला मिळालेली ही शिदोरी!

उन्हातलं बाळ आणि खिडकीतली नळी

जन्मानंतर बाळाच्या जास्तीच्या लाल पेशी मोडतात, त्यातून पिवळं बिलिरुबिन तयार होतं आणि बाळाचं कोवळं यकृत ते बाहेर टाकायला कमी पडतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरीच बाळं पिवळी दिसतात. कावीळ पहिल्या चोवीस तासांत दिसली तर मात्र सावध व्हायचं. लाल पेशी भराभर फुटत असल्याची ती खूण असू शकते.

या काविळीवरचा निळा दिवा आला तो एका परिचारिकेच्या नजरेमुळे. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातलं रॉचफर्ड रुग्णालय, साल १९५६. सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊन खायला अंगणात नेत. एक दिवस डॉक्टरांना त्यांनी एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग फिकट झालेलं आणि चादरीचा कोपरा पडला होता तेवढाच तुकडा गर्द पिवळा! त्याच सुमारास काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहून गेली. तपासली तर बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरंच कमी. डॉ. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी यावर काम केलं आणि १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रकाशोपचार जगासमोर ठेवला. (हे वाचून बाळाला उन्हात ठेवायला धावू नका. काविळीसाठी नेमक्या निळ्या प्रकाशाचा मोजून दिलेला डोसच लागतो आणि बिलिरुबिन किती चढलं आहे ते तपासावं लागतं.)

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाच्या लाल पेशी फोडू शकतात. पहिलं बाळ बहुधा सुटतं, पुढच्यांना धोका. यावर 'अँटी-डी' इंजेक्शन आलं ते १९६८ मध्ये. ते दात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं आणि ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी १,१७३ वेळा प्लाझ्मा दिला. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत परक्यांच्या रक्तावर जगलेला हा माणूस अठराव्या वर्षापासून एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत देत राहिला. त्यातून सुमारे २४ लाख बाळांना संरक्षण मिळाल्याचा अंदाज आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. अशा माणसाचं नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पेटीतली दुपटी

घरात बाळ आलं की आजी माळ्यावरची पेटी उघडते. त्यातली झबली, कुंच्या, मऊसूत दुपटी बाहेर येतात आणि सोबत डांबरगोळ्यांचा तो ओळखीचा वास. हाच वास काही बाळांच्या लाल पेशी फोडतो. या गोळ्यांत नॅप्थलीन असेल तर त्याची वाफ श्वासातून आणि कातडीतून बाळाच्या अंगात जाते. ज्यांच्या लाल पेशींत जी६पीडी नावाचं विकर कमी असतं, त्यांच्या पेशींना हा मारा सोसत नाही. मूल एकाएकी फिकं पडतं, डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते.

या कमतरतेचं जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून त्रास मुख्यतः मुलग्यांना. जगात ४० कोटींहून जास्त लोकांमध्ये ही कमतरता आहे, म्हणजे वारशाने येणाऱ्या विकरदोषांत हिचा नंबर फार वरचा. आपल्याकडे पारशी समाजात तिचं प्रमाण लक्षणीय आहे. दोषाचा उलगडा १९५६ मध्ये अमेरिकेत झाला, तोही मलेरियाच्या औषधामुळे: प्रायमाक्विन घेतल्यावर काहींच्याच पेशी का फुटतात, हे शोधताना. म्हणून मलेरियात प्रायमाक्विन देण्याआधी ही तपासणी महत्त्वाची. एरवी अशी मुलं ठणठणीत असतात. काय टाळायचं त्याची यादी घरात लावली आणि प्रत्येक डॉक्टरला आठवणीने सांगितलं की झालं. दुपटी मात्र दोनदा धुऊन, कडक उन्हात वाळवूनच वापरा आणि बाळाच्या कपाटात डांबरगोळी नकोच.

दोन महिन्यांचा उतार

जन्मताना हिमोग्लोबिन १६-१७ असलेलं गुटगुटीत बाळ आठव्या ते बाराव्या आठवड्यात तपासलं तर १०-११ निघतं. घरात धसका! पण हा उतार निसर्गानेच आखलेला आहे. पोटात असताना बाळाला ऑक्सिजन कमी मिळायचा, म्हणून पेशी जास्त लागायच्या. बाहेर येऊन पहिला श्वास घेतला आणि ऑक्सिजन मुबलक झाला. मग पेशी बनवण्याचा हुकूम देणारं एरिथ्रोपॉएटिन संप्रेरक काही आठवडे गप्प बसतं. आकडा पुरेसा खाली आला की कारखाना आपोआप सुरू होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत उतार जास्त खोल आणि लवकर, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. दिवस भरलेल्या बाळाला यासाठी टॉनिक नको.

पोटातलं हिमोग्लोबिन वेगळं

गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन आपल्यासारखं नसतंच. त्याला 'एचबी-एफ' म्हणतात, आणि ऑक्सिजनला धरून ठेवण्यात ते मोठ्यांच्या हिमोग्लोबिनपेक्षा सरस. म्हणून तर आईच्या रक्तातला ऑक्सिजन बाळाला ओढून घेता येतो. जन्मानंतर जनुकांचा खटका हळूहळू बदलतो आणि सहा महिन्यांपर्यंत बहुतेक सगळं हिमोग्लोबिन मोठ्यांचं होतं.

इथे एक मोठी किल्ली हाती लागते. थॅलेसेमिया मेजर काय किंवा सिकलसेल काय, वारशाने येणाऱ्या या आजारांत दोष मोठ्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये असतो. त्यामुळे आजार जन्मापासून रक्तात असूनही पहिले काही महिने बाळ हसतंखेळतं असतं. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जेनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये हे हेरलं. सिकलसेल असलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी इतक्या कमी का दिसतात, असा प्रश्न त्यांना पडला आणि गर्भातलं हिमोग्लोबिन त्यांचं रक्षण करत असावं, हा अंदाज त्यांनी मांडला. तो शंभर टक्के खरा ठरला. पुढच्या कित्येक औषधांचा उगम या एका निरीक्षणात आहे.

उष्टावण वेळेवर

आपल्याकडे सहाव्या-आठव्या महिन्यात उष्टावण करतात. मामाच्या मांडीवर बसून बाळ खिरीचं बोट चाटतं. गंमत अशी की आईकडून पोटात असताना मिळालेला लोहाचा साठाही साधारण सहाव्या महिन्यापर्यंतच पुरतो. आईच्या दुधातलं लोह छान शोषलं जातं, पण असतं थोडं. म्हणून सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न सुरू व्हायलाच हवं. नुसतं भाताचं पाणी आणि वरणाचं वरचं पाणी देत राहिलं, की बाळाचं पोट भरतं आणि लोहाची बोंब.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ६८.९ टक्के. आधीच्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा ५३.८ होता. दर तीन मुलांमागे दोन! हे वाचून अंगावर काटा यायला हवा. हा सगळा रक्तक्षय लोहाचाच असतो असं नाही, पण त्यातला मोठा वाटा लोहाच्या कमतरतेचा.

चोर बऱ्याचदा दुधाच्या बाटलीत असतो. "आमचा जेवत नाही, पण दूध मात्र लिटरभर पितो हो," असं कौतुकाने सांगितलं जातं. गाईच्या दुधात लोह अगदी कमी, त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातल्या लोहाला आडवं येतं, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यातून गाईच्या दुधामुळे नकळत रक्तही झिरपू शकतं. म्हणून वर्षाच्या आत वरचं दूध हे मुख्य अन्न नको, आणि नंतरही दिवसाला अर्धा लिटर पुष्कळ झालं.

मूल माती, पाटीवरची पेन्सिल, खडू, भिंतीचा पोपडा किंवा फ्रीजमधला बर्फ खातंय? त्याला धपाटा घालू नका, रक्त तपासा. लोहाच्या कमतरतेची ही जुनी ओळखीची खूण आहे. लोह भरून आलं की ही खोड बहुधा आपसूक सुटते. मातीतून जंत पोटात जातात ते वेगळंच. अंकुशकृमी तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. शाळेत-अंगणवाडीत वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी देतात, तिला नाही म्हणू नये.

डाळ-भाजीतलं लोह शोषायला आंबटाची जोड लागते. वरणभातावर पिळलेलं लिंबू, भाजीसोबत आवळ्याची फोड, पेरू. चहा मात्र जेवणाच्या आसपासही नको, लहान मुलांना तर नकोच. अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीचे असं कोणी ठरवलं? अळीव लोहाने गच्च भरलेले असतात, जरा मोठ्या मुलांनाही एखादा लाडू द्या की.

'अॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात (२०१८ पासून) आशाताई छोट्या मुलांसाठी लोहाचं सिरप देतात, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, दहा ते एकोणीसच्यांना निळी. गोळीने शी काळी होते, घाबरायचं कारण नाही. खरं तर औषध पोटात गेल्याचा तो पुरावा! हिमोग्लोबिन सुधारलं तरी औषध आणखी दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं, कारण तिजोरी भरायची बाकी असते. एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते: लोहाच्या गोळ्यांची डबी मुलांच्या हाती लागू देऊ नका. गोड, रंगीत गोळ्या म्हणून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

कागदावरचा एक भागाकार

सीबीसीचा रिपोर्ट हातात घ्या. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान. आरबीसी म्हणजे पेशींची संख्या, दशलक्षांत. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. १९७३ मध्ये विल्यम मेंट्झर या डॉक्टरांनी सुचवलेला हा भागाकार आजही वॉर्डात तोंडी करतात.

दोन मुलं घेऊ. दोघांचं हिमोग्लोबिन १०, दोघांचा एमसीव्ही ६५. पहिल्याच्या पेशी ४.० दशलक्ष: ६५ भागिले ४, उत्तर १६. दुसऱ्याच्या पेशी ५.६ दशलक्ष: उत्तर साडेअकराच्या आसपास. १३ च्या वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे संशय जातो, खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे. कारण सोपं आहे: लोह कमी पडलं की पेशी लहानही होतात आणि कमीही बनतात. मायनरमध्ये पेशी लहान, पण भरपूर. पहिल्याला लोह हवंय. दुसऱ्याला वर्षानुवर्षं टॉनिक पाजूनही आकडा हलणार नाही, आणि त्याचा दोष 'नीट खात नाही' म्हणून बिचाऱ्या पोराच्या माथी! हा भागाकार इशारा देतो इतकंच. पक्कं निदान एचपीएलसी नावाच्या तपासणीत होतं. मायनरमध्ये एचबी-ए२ हे एरवी थोडंसं असणारं हिमोग्लोबिन साडेतीन टक्क्यांच्या वर जातं.

थॅलेसेमिया: रक्त चढतं, लोह साचतं

मायनर म्हणजे वाहक, आजारी नव्हे. आई-बाबा दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गर्भारपणात मेजरची शक्यता २५ टक्के. 'पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन धडधाकट' हा हिशेब साफ चुकीचा. दर वेळी नव्याने तेच २५ टक्के.

डेट्रॉइटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये या मुलांचं वर्णन केलं: फिकी चर्या, मोठी पाणथरी, गालफडांची हाडं वर आलेली. हाडांचं कारण मोठं करुण आहे. शरीर जिवाच्या आकांताने रक्त बनवू पाहतं, पण पेशी घडता घडताच नष्ट होतात. मग अस्थिमज्जा फुगते आणि चेहऱ्या-कवटीची हाडं रुंदावते. वेळच्या वेळी रक्त मिळालं की हा बदल टळतो. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आयुष्यभर.

मग अडचण कुठे? रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय आपल्या शरीरात नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींत साचतं. म्हणजे जे लोह शेजारच्या मुलाला औषध आहे, तेच या मुलाला विष. लोह बाहेर काढणारं औषध पूर्वी रात्रभर पोटात सुई टोचून पंपाने द्यावं लागायचं. आता गोळी मिळते. थॅलेसेमियाच्या डे-केअरमध्ये सकाळी डोकावलं तर एका हाताला रक्ताची नळी आणि दुसऱ्या हाताने गृहपाठ उरकणारी मुलं दिसतात. नीट उपचार मिळालेली हीच मुलं आज शिकून नोकऱ्या करतात, लग्नं करतात, आई-बाबाही होतात.

भारतात दरवर्षी दहा हजारांच्या आसपास थॅलेसेमिया मेजर बाळं जन्मतात, असा सरकारी अंदाज आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत वाहक जास्त, त्यामुळे फाळणीनंतर वसलेल्या उल्हासनगरात हा प्रश्न घरोघरी ठाऊक आहे. पण 'आमच्यात नसतं ते' म्हणायची सोय कुणालाच नाही. सायप्रस बेटावर तर साधारण सात माणसांत एक वाहक! तिथे लग्नाआधी तपासणीचा दाखला चर्चनेही मागायला सुरुवात केली, गर्भाच्या तपासणीची सोय झाली आणि मेजर असलेल्या नव्या बाळांची संख्या शून्याजवळ आली.

पुरता बरा करणारा जुना उपाय म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हे काम १९८६ मध्ये सुरू झालं. आता 'थॅलेसेमिया बाल सेवा योजने'तून, कोल इंडियाच्या निधीतून, निवडक रुग्णालयांत दहा लाखांपर्यंत मदत मिळते. पात्रता असलेल्या घरांनी जरूर चौकशी करावी.

एक अक्षर चुकलं आणि…

सिकलसेलचा पहिला लेख आला शिकागोत, १९१० मध्ये. डॉ. जेम्स हेरिक यांनी त्यात ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या लांबुळक्या, वाकड्या पेशी दाखवल्या होत्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखादा आजार थेट रेणूपर्यंत पोहोचवण्याची ती पहिलीच वेळ. मग व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधून काढली: १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बास, एवढंच. पण तेवढ्याने ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचे दोर वळले जातात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. १२० दिवसांची पेशी दहा-वीस दिवसांत संपते.

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांत नोंदला गेला. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि तिकडे नंदुरबार हा त्याचा पट्टा. विदर्भात गावोगाव लोक सहज बोलतात, "तो एएस पॅटर्न हाये, तिची बहीण एसएस." एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजारी. एएसमुळे बालपणी जिवावरच्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यास करून १९५४ मध्ये मांडलं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक टिकून का राहिलं, त्याचं उत्तर हे.

बाळात पहिली खूण बऱ्याचदा सहा महिन्यांनंतर हातापायांवर दिसते. दोन्ही तळहात-तळपाय सुजतात, बोटं ताठ होतात, बाळ हात लावू देत नाही. 'मुरगळलं असेल' म्हणून चोळत बसू नये. दुसरा मोठा धोका पाणथरीचा. रक्त एकाएकी तिच्यात तुंबतं आणि बाळ काही तासांत पांढरंफटक पडतं.

जमैकात डॉ. ग्रॅहम सर्जंट यांच्या चमूने यावर जे केलं ते मला फार मोठं काम वाटतं. त्यांनी आयांना पाणथरी चाचपायला शिकवलं. बाळाला उताणं निजवायचं, डाव्या बरगड्यांखाली बोटांची टोकं हलकेच ठेवायची, कड कुठवर लागते ते रोज पाहायचं. आज कालच्यापेक्षा खाली लागली, बाळ फिकं दिसलं, की दवाखाना गाठायचा. एवढ्या शिकवणीने या कारणाने होणारे बालमृत्यू झपाट्याने घटले. कमी शिकलेल्या आयाही हे बिनचूक करत होत्या.

पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन, न्युमोकोकसची लस, भरपूर पाणी आणि थंडीपासून जपणूक हा या मुलांचा दिनक्रम. नागपूरच्या मे महिन्यात शाळेच्या वर्गात पाण्याची बाटली बाकावर ठेवू देणं हाही उपचारच आहे, आणि लघवीला वारंवार जाऊ देणंही. त्यांची मूत्रपिंडं पाणी धरून ठेवू शकत नाहीत. गुरुजी-बाईंनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध वेदनांचे झटके कमी करतं, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवून! जेनेट वॉटसन यांचाच धागा.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्हींचा समावेश आहे.

परळची गिरणी, मार्माइटची बरणी

१९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स लंडनहून मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक वेगळाच रक्तक्षय दिसत होता. पेशी लहान असायच्याऐवजी भल्या थोरल्या, आणि संख्येने मोजक्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केलं आणि शेवटी गुण आला तो यीस्टपासून बनवलेल्या स्वस्त मार्माइटने. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक अॅसिड. शाळेत मिळणाऱ्या गुलाबी गोळीत त्याचे ४०० मायक्रोग्रॅम असतात. त्या गोळीमागे मुंबईच्या गिरणीतल्या बायका उभ्या आहेत.

बी-१२ कमी पडलं तरी पेशी अशाच मोठ्या होतात. शाकाहारी आईत बी-१२ ची कमतरता असेल आणि वर्ष उलटलं तरी बाळ केवळ अंगावरच्या दुधावर असेल, तर बाळ फिकं आणि सुस्त होतं, बसायला शिकलेलं बसेनासं होतं, हातांना कंप सुटतो. बोटांच्या पेरांवर काळसर झाक दिसली तर तिकडे नीट बघा. बी-१२ सुरू केलं की मूल काही दिवसांत हसू लागतं. बालरोगतज्ज्ञांना हा बदल पाहताना होणारा आनंद वेगळाच.

मुंबईचा आणखी एक शोध: १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे यांनी शोधलेला 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. साध्या तपासणीत तो 'ओ' भासतो, पण या माणसाला 'ओ'चं रक्तही चालत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक. मुलाला रक्त चढवण्याआधी रक्तपेढी इतकी कसून जुळणी का करते, ते यावरून कळेल.

अंगठा, थप्पड आणि सुरमा

जन्मतःच अंगठा नसणं, बारीक असणं किंवा त्याला दोनाऐवजी तीन पेरं असणं ही फॅन्कोनी किंवा डायमंड-ब्लॅकफॅन या दुर्मीळ आजारांची खूण असू शकते. दोन्हींत अस्थिमज्जा पेशी बनवेनाशी होते.

थप्पड मारल्यासारखे लाल गाल आणणारा पार्व्हो विषाणू साध्या मुलात आठवड्यात निघून जातो. तेवढ्यात तो लाल पेशींचं उत्पादन थांबवतो, पण १२० दिवसांच्या पेशी असणाऱ्याला ते जाणवतही नाही. सिकलसेल किंवा गोल पेशींचा स्फेरोसायटोसिस असेल तर मात्र हिमोग्लोबिन धाडकन कोसळतं. पार्व्होचं 'बी-१९' हे नाव पडलं ते १९७५ मध्ये इव्हॉन कोसार्ट यांना 'बी' गटातल्या एकोणिसाव्या नमुन्यात तो सापडला म्हणून.

आणि शिसं. काही सुरम्यांत, जुन्या रंगांच्या पोपड्यांत असतं. ते हिमोग्लोबिन बनण्याची वाटच अडवतं. बाळाच्या डोळ्यांत सुरमा-काजळ घालू नका.

जुना खटका पुन्हा दाबला

२०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने बारा वर्षांवरच्या सिकलसेल रुग्णांसाठी 'कॅसजेव्ही' या जनुकउपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणाऱ्या बीसीएल-११-ए जनुकाची कळ क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने निकामी करायची आणि पेशी परत द्यायच्या. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर! ज्या गावांत हा आजार जास्त, तिथे ही किंमत कशी परवडणार? स्वस्त पर्याय यायलाच हवेत, त्यासाठी आपल्या प्रयोगशाळांना पाठबळ मिळायलाच हवं.

पिशवी लावण्याआधी

मूल फार फिकं आहे, आजच रक्त द्यायचं ठरलंय. अशा धावपळीत एक गोष्ट हटकून निसटते. पिशवी लावण्याआधी एचपीएलसीसाठी दोन मिलिलिटर रक्त काढून घ्यायला सांगा. एकदा दात्याचं रक्त मिसळलं की पुढचे तीन महिने तपासणीत मुलाचं हिमोग्लोबिन कुठलं आणि दात्याचं कुठलं, हे नीट कळत नाही. लोह फार कमी असेल तरी एचबी-ए२ चा आकडा खोटा खाली दिसू शकतो, मग लोह भरून आल्यावर तपासणी पुन्हा करावी लागते. रिपोर्ट नीट आला की तो लॅमिनेट करून लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा आणि मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. पाठच्या भावंडाच्या वेळी दिवस राहिल्याचं कळताच तोच कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा आहे, कारण गर्भाची तपासणी दहाव्या ते तेराव्या आठवड्यात करता येते.